ताणा ओला असताना

कुसुमताई बोकडे पवनीच्या आमच्या गल्लीत सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली. माहेर आंधळगावचं, घर विणकराचं. आली त्या आठवड्यात मागावर बसली, ती अजून उठलेली नाही. असं मी लिहितो आहे, कारण ते कुठे लिहिलेलं सापडणार नाही. माग टेकचंदच्या नावावर. टेकचंद तिचा नवरा. विणकर सोसायटीचं कार्ड टेकचंदच्या नावावर. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर कधीतरी मागांची मोजणी करायला एक माणूस आला. कुसुमताई त्याच्यासमोर मागावर बसून विणत होती. पाय मागाच्या पायपट्टीवर, म्हणजे पावड्यावर, हात आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर. त्याने टेकचंदला नाव विचारलं आणि 'विणकर' असं लिहिलं. मग तिच्याकडे पाहून 'घरकाम' लिहिलं. टेकचंद त्या वेळी ओट्यावर सुपारी कातरत होता. गुडघे दुखतात म्हणून त्याने माग सोडला त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी त्या माणसाला म्हणालो की हे खोटं आहे. तो म्हणाला, कार्डावर जे आहे ते मी लिहितो.

मी परसराम. मी विणकर नव्हे, पाजणीवाला. विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, धाग्यांना तांदळाच्या पेजेची खळ द्यावी लागते, तिला पाजणी म्हणतात. खळ दिली नाही तर मागावर सूत टिकत नाही. ताणा गल्लीत लांब पसरायचा, दोन टोकांना दोर बांधून खुंट्यांना ताणायचा, मध्ये बांबूच्या कैच्या, म्हणजे फुलीसारखे बांधलेले टेकू, लावून कमरेएवढा उचलून धरायचा. मग पेज लावायची आणि कुंच्याने झाडत जायचं. एक माणूस डावीकडून, एक उजवीकडून, बरोबरीने. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, पुन्हा. सूत सुकेपर्यंत कुंचा थांबत नाही. थांबला की धाग्याला धागा चिकटतो आणि ताणा दोरखंड होतो. मी हे एकेचाळीस वर्षं केलं. आधी गल्लीत रोज दोन ताणे असत. शेवटी महिन्याला एक राहिला, तो कुसुमताईचा. टेकचंद उठत नव्हता, म्हणून दुसऱ्या बाजूला ती स्वतः उभी राहायची. आधी तिने कुंचा धरला नव्हता. पण दोन ताण्यांत शिकली. मला शिकायला दोन वर्षं लागली होती.

नगरपालिकेने गल्लीत सिमेंटचा रस्ता केला तेव्हा खुंट्यांची भोकं बुजणार होती. तिने मिस्त्रीजवळ उभं राहून दोन भोकं ठेवून घेतली आणि त्यांना लाकडी बुचं करून घेतली. कोणाच्या पायाला लागू नये म्हणून. टेकचंदने ती बुचं कधी उचलली असतील तर मला माहीत नाही.

त्या रविवारचं सांगतो. जानेवारी होता. थंडी बरी होती, वारा नव्हता, म्हणजे पाजणीचा दिवस. चार पातळांचा ताणा, पन्नास हात. सूत बारीक. सोसायटीचा नियम असा होता की कापड आणून दिलं की पुढचं सूत मिळतं, आणि कापड आलं नाही तर सूत बंद. आमच्या गल्लीतले तीन माग असेच बंद पडले होते. एकाचा ताणा उंदरांनी खाल्ला, एकाचा पावसात भिजला, एकाचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही. हा ताणा बिघडला तर चौथा माग बंद, हे कुसुमताईला माहीत होतं आणि मलाही. ती साडेचारला उठून पेज शिजवून बसली होती. पाचला मी आलो. साडेसहाला ताणा ताणून झाला. सव्वासातला पहिली खळ बसली.

सव्वाआठला गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

तिचा मुलगा अनुप. भंडाऱ्याला एका गोदामात हिशेबनीस आहे, तिथून जवळच शहापूरला घर बांधून राहतो. त्याने चार दिवसांपूर्वी जुनी मारुती व्हॅन घेतली होती, पांढरी. त्या सकाळी चहा पिता पिता त्याच्या मनात आलं की पवनीला जावं, आईबाबांना घ्यावं आणि पोरांना गोसेचं धरण दाखवावं. मनात आलं आणि निघाला. आमच्या शेजारच्या दुकानात फोन होता, त्यावर कळवलं नाही. सोबत बायको कीर्ती, सहा वर्षांची खुशबू आणि तीन वर्षांचा चंदन. कीर्तीने पाव, जाम, उकडलेले बटाटे आणि पोरांचे जास्तीचे कपडे असं बांधून घेतलं होतं. अचानक निघण्याची हौस एकाची असते आणि बांधाबांध दुसऱ्याची. हे मी बाहेरून पाहून सांगतो.

गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवली असती तर तिथून दारापर्यंत चाळीस पावलं होती. मी नंतर मोजली. पण त्याला गाडी दारापर्यंत आणायची होती. आईने गाडीला ओवाळायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा, हे सगळं दाराशीच झालं पाहिजे. तो खाली उतरला, ताण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अजून हे चालूच हाय का, काका?"

मी म्हणालो, "तुले दिसून राहिलं ना."

कीर्ती म्हणाली की गाडी इथेच राहू द्या, आपण चालत जाऊ. त्याने ऐकलं नाही. कुसुमताई पोरांना पाहून हसली, पण कुंचा खाली ठेवला नाही. म्हणाली, "आले का गा? ओट्यावर बसा. हे सुकू दे, मंग पाहू." खुशबूला तिने कोपराने जवळ घेतलं, कारण हाताला खळ होती.

आता चूक सांगतो. ही चूक परक्या माणसाने केलीच नसती. परका माणूस ताण्याला हात लावायला भितो. अनुप याच गल्लीत वाढला. लहानपणी त्याने पाहिलं होतं की बैलबंडी किंवा प्रेतयात्रा आली की ताणा सोडून जमिनीवर टेकवत. दोन्हीकडचा दोर सैल करायचा, बंडी हळू वरून जायची, मग पुन्हा ताणायचा. धाग्याला काही होत नसे. हे खरं आहे, मी स्वतः शेकडो वेळा केलं. पण ते कोरड्या ताण्याला. खळ देण्याआधी. ओला ताणा कोणी कधी खाली टेकवला नाही. खळ बसल्यावर प्रेतयात्रासुद्धा मागच्या गल्लीने जायची आणि त्याबद्दल कोणाला वाईट वाटत नसे. अनुपला अर्धी गोष्ट आठवली. पूर्ण विसरला असता तर बरं झालं असतं.

कुसुमताई दुसऱ्या खळीची पेज आणायला आत गेली. मी गल्लीच्या आतल्या टोकाला, कडुनिंबाच्या बाजूला, पाठ करून, दोन्ही अंगांनी एकटा झाडत होतो. अनुप गल्लीच्या तोंडाकडच्या खुंट्याशी गेला आणि त्याने दोर सोडला. टेकचंद ओट्यावरून पाहत होता. मी नंतर विचारलं, का नाही अडवलं? तो म्हणाला, "त्याले येते, म्हून मी काही बोललो नाही."

दोर सुटल्याचं मला हाताला कळलं. कुंच्याखालचं सूत ढिलं पडलं. वळून पाहिलं तर तिकडचा पंधरा-सोळा हात ताणा सिमेंटवर पडलेला. सडा टाकला होता तरी रस्त्यावर बारीक रेती होती. आणि अनुप गाडीत बसून गाडी पुढे घेत होता. मी धावलो. त्या वयात जेवढं धावता येतं तेवढं. पोहोचलो आणि कुंचा बोनेटवर हाणला. गाडी थांबली. पुढचं चाक सुतापासून हातभर राहिलं होतं.

अनुप उतरला. त्याने आधी बोनेटकडे पाहिलं. खळीचा डाग पडला होता. मग ताण्याकडे पाहिलं.

"काका, पाच मिनटाचं काम होतं," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत मी कोणाच्या पोरावर हात उचलला नाही. त्या दिवशी उचलला असता, पण हातात कुंचा होता आणि कुंच्याची गरज होती.

कुसुमताई पेजेचं गंज, म्हणजे पातेलं, घेऊन बाहेर आली. तिने पाहिलं. गंज खाली ठेवलं. मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल, आणि दोन्हींचा तिला हक्क होता. तिने वर सूर्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती वेळ झाला पडून?" मी म्हणालो, आता पडला. मग ती कामाला लागली.

पडलेला ओला ताणा ओढायचा नसतो. ओढला की रेती धाग्यात घासून धागे तुटतात. तो खालून हात घालून सरळ वर उचलायचा, सगळा एकदम. त्याला माणसं लागतात. तिने टेकचंदला हाक मारली. तो म्हणाला, गुडघे. ती म्हणाली, "हात आणा, गुडघे ओट्यावर राहू द्या." तो आला. कीर्तीने नवी पिवळी साडी कमरेला खोचली, बांगड्या वर सरकवल्या आणि न विचारता उकिडवी बसून दोन्ही हात सुताखाली घातले. तिच्या घरी शेती आहे, लाखनीकडे, मागाचा संबंध नाही. तरी तिने हात कसे घातले ते मी पाहिलं. बोटं नाही, पूर्ण कोपरापर्यंत. समजदार बाई. कुसुमताईने अनुपला दोर धरायला लावला. "मी म्हणतो तवाच ताण. तोवर फक्त धरून राय." आम्ही चौघांनी उचललं आणि कैच्यांवर ठेवलं. एका वाक्यात लिहून झालं, पण त्याला पाव तास लागला.

मग तिने दुसऱ्या खळीची पेज गरम पाण्यात पातळ केली आणि ओंजळीने वरून सोडत गेली. खालून रेती गळत होती. आम्ही मागून कुंचा मारत होतो. एकदा धुतलं, रेती राहिली. दुसऱ्यांदा धुतलं. इकडे निंबाकडचा चांगला भाग सुकत चालला होता, तोही सांभाळायचा होता. मी दोन्हीकडे धावत होतो आणि तिसऱ्या फेरीत माझा उजवा खांदा गेला. हात वर होईना. हे खांद्याचं दुखणं आधीचंच होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. कुसुमताईने पाहिलं, माझ्या हातातून कुंचा घेतला आणि मुलाच्या हातात दिला.

त्याने झाडू मारावा तसा मारला. एक, दोन, तीन. तिने त्याच्या मनगटावर फटका दिला. हिशेबनीस, दोन लेकरांचा बाप, बायकोसमोर.

"दाबू नको. सरकव," ती म्हणाली. "हे भिंत नाई."

तो सरकवू लागला. वाईट करत होता, पण थांबला नाही. पोरं ओट्यावर बसून पाव-जाम खात होती, भांडत होती, सांडत होती. चंदनने दोनदा विचारलं की धरण कुठे आहे. टेकचंदने त्याला ताणा दाखवून सांगितलं की हेच. पोरगं बिचारं बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलं.

तुटलेले धागे निघाले सत्तावन्न. कुसुमताईने एकेक शोधून सांधला. एकाच वेळी पुढे सांधायचं आणि मागून कुंचाही मारायचा, असं एकटीला करता येत नाही, म्हणून ती सांधायची, मग आपला कुंचा उचलून अनुपच्या बरोबरीला यायची, मग पुन्हा सांधायला. साडेअकराला ताणा सुकला. दोराकडचा तीन हात भाग वाचला नाही. चिकटून पट्टा झाला होता. तिने तो हाताने चाचपला, मला चाचपायला लावला आणि कात्रीने कापला. टाकताना घडी घातली.

कोणत्याही ताण्यात दोन हात जास्तीचे धरलेले असतात. म्हणजे एक हात कमी पडत होता. ती म्हणाली, पाहू.

आता सहल. कीर्ती म्हणाली, आज राहू द्या, घरी जाऊ. अनुप म्हणाला, पुढच्या रविवारी. त्याचा चेहरा पडला होता आणि मला त्याची दया आली नाही. कुसुमताई आत गेली, अंगावर पाणी घेतलं, चांगलं लुगडं नेसली आणि बाहेर येऊन गाडीजवळ उभी राहिली.

"लेकराइले धरण दाखवतो म्हणून आणलं ना? मंग चला. परसरामभाऊ, तुमीबी चला."

ओवाळणंही तिने केलं, गल्लीच्या तोंडाशी, चाकाखाली लिंबू ठेवून. बोनेटवरचा खळीचा डाग पुसला नाही. त्यावरच कुंकू लावलं.

पुढच्या सीटवर टेकचंद बसला. गुडघ्यांसाठी. सकाळपासून सात तास उभी असलेली बाई मागे, मांडीवर चंदन, पायाशी डबे. मी बोललो. म्हणालो, टेकचंद, लाज वाटू दे. तो म्हणाला, "तिले मागंच आवडते, लेकराजवळ." अशा ठिकाणी ती काही म्हणत नाही, आणि मला तिचा राग येतो तो इथेच.

गोसेपर्यंत रस्ता खराब होता. चंदन ओकला. कीर्तीने जास्तीचे कपडे आणले होते ते बरं झालं. खुशबूला खिडकी पाहिजे होती, मिळाली, मग तिला ऊन लागलं. अनुप गाडी नीट चालवत होता. धरणाचं काम तेव्हा चालू होतं. भिंत उभी होत होती. आम्ही लांबून पाहिलं, जवळ जाऊ देत नव्हते. दहा मिनिटांत पोरांचं पाहून झालं आणि ती दगड गोळा करू लागली. आम्ही एका पळसाखाली बसलो. उकडलेले बटाटे मीठ लावून खाल्ले. कुसुमताईने टेकचंदला सोलून दिले. मग त्यानेच विषय काढला की आता पुरे झालं, या वयात कशाला. अनुपला तेच पाहिजे होतं. तो मान वर न करता म्हणाला, "आई, मी दोन वर्षांपासून म्हणून राहिलो. बंद कर. शहापूरले चाल."

"बंद तं तू आज करतच होता," ती म्हणाली.

टेकचंद म्हणाला, पोराने मुद्दाम केलं नाही. ती म्हणाली, तेही माहीत आहे. मग तिने माझ्या खांद्याकडे बोट दाखवलं. "हा माणूस पुढच्या खेपेले येऊ शकत नाई. त्याचा हात वर होत नाई. मले एक बाजू येते. दुसरी बाजू कोण करन?"

मी म्हणालो, मी करीन. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे चार पातळं देईन तवा सूत भेटन. तवा सांगतो तुले. रविवारीच ठेवतो, तुही सुट्टी बुडत नाई. पाचले येजो."

अनुप म्हणाला, "मले येत नाई ते, आई. आज पायलं ना तू."

"आज येत नव्हतं. अर्ध्या ताण्यापर्यंत थोडंसं आलं. मी पायलं."

कीर्ती त्याच्याकडे पाहत होती. शेवटी तो 'पाहतो' म्हणाला. 'पाहतो' म्हणणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. परतताना मी खिडकीतून बाहेर पाहत बसलो.

त्या ताण्याचं चौथं पातळ तिने कसं पुरं केलं ते सांगायला पाहिजे. एक हात कमी होता. ताणा संपत येतो तसा धोटा जायला जागा राहत नाही, तिथे सगळे विणकर कापतात. ती थांबली नाही. धोटा बाजूला ठेवला आणि शेवटचा हात बोटांनी विणला, बाण्याचा, म्हणजे आडव्या सुताचा, एकेक धागा काडीने आत सरकवून. दोन दिवस लागले. सोसायटीतल्या माणसाने पट्टी लावून मोजलं. भरलं. त्याने पावतीवर टेकचंदचं नाव लिहिलं आणि सूत दिलं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी ताणा होता. दुकानातून फोन केला होता. पाच वाजले, कोणी नाही. साडेपाच. आम्ही दोघांनीच दोर ताणला, मी डाव्या हाताने. टेकचंद म्हणाला, येईल, लांबून यायचं आहे. मी म्हणालो, पंचेचाळीस किलोमीटर. सव्वासहाला अनुप गल्लीत चालत आला. एकटाच. तोंडावर झोप होती. काहीतरी कारण सांगू लागला. तिने ऐकून घेतलं नाही, चहा विचारला नाही, कुंचा दिला.

दुपारी बारापर्यंत त्याने तो खाली ठेवला नाही. मी ओट्यावर बसून पाहत होतो. चांगलं केलं असं मी म्हणणार नाही. काठाचे धागे त्याने दोनदा कोरडे सोडले. तिने दोनदा करून घेतले. त्याच्या तळहाताला फोड आला आणि फुटला, त्यावर तिने चिंधी बांधली आणि पुन्हा कुंचा दिला. ताणा सुकल्यावर तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. तीन ठिकाणी थांबली. काय सापडलं ते बोलली नाही.

निघताना त्याने विचारलं, पुढचा कधी.

"हा मागावरून उतरू दे," ती म्हणाली. "अन् पाचले म्हंजे पाचले."